मुलाने मोठेपणी कोण व्हावे?

दरवर्षी जून महिन्यात, पहिल्या पावसाने कडावची भातखाचरे भिजू लागली की, आपल्या शाळेच्या कचेरीत नव्या प्रवेशाचे काम सुरू होते. पत्र्याच्या पेट्या, वळकट्या आणि आईच्या पदराआड उभी असलेली मुले यांनी व्हरांडा भरून जातो. अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. त्यात वर्षानुवर्षे आम्ही तीच उत्तरे लिहीत आलो आहोत : मजुरी, शेती, वीटभट्टी, रेल्वेत ट्रॅकमन, माथेरानला हमाली; आणि अलीकडच्या वर्षांत फार्महाऊसवर राखणदार. अर्ज पुरा झाला की आम्ही पालकांना आणखी एक प्रश्न विचारतो. तो अर्जात छापलेला नाही. ‘मुलाने मोठेपणी कोण व्हावे असे तुम्हांला वाटते?’

या प्रश्नावर बहुतेक वेळा प्रथम शांतता पसरते. मग कोणी म्हणतो, ‘कुठंतरी नोकरीला लागला म्हणजे झालं.’ कोणी पोलीस म्हणतो, कोणी शिक्षक. मुलगी असेल तर ‘चार बुकं शिकली, की बघू’ असे उत्तर येते. कातकरवाडीहून आलेली एखादी माऊली हसून म्हणते, ‘सर, तुम्हीच बघा काय ते.’ प्रारंभीच्या वर्षांत या शांततेचा आम्हांला राग येई. मुलाच्या भवितव्याविषयी यांना काही वाटतच नाही, असा आमचा समज होता. तो समज चुकीचा होता. भट्टीची उचल अंगावर असताना मुलाला शाळेत ठेवून जाणारी आई उदासीन नसते. तिला प्रेमाची उणीव नाही. मुलाच्या उद्याचे चित्र रंगवण्याची मुभाच तिच्या मागच्या पिढ्यांना कोणी दिली नव्हती. ही मुभा कशी हिरावली गेली, कोणी परत मिळवली आणि आज आपण तिचा उपयोग कसा करावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

जन्मानेच ठरलेले काम

जुन्या गावगाड्यात मुलाने कोण व्हावे हा प्रश्न उद्भवतच नसे. कुंभाराचा मुलगा चाकावर बसे, सुताराचा मुलगा वाकस हाती घेई आणि महाराचा मुलगा गावकीची कामे करी : सारा घेऊन तालुक्याला जाणे, मेलेली जनावरे ओढणे, वेसकरकी करणे, सरकारी अंमलदारांची सरबराई करणे. या कामाच्या मोबदल्यात मिळे ते बलुते आणि वतनाच्या जमिनीचा तुकडा. ब्रिटिश अमदानीत १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली. जे काम रूढीने वंशपरंपरेत होते, ते कागदोपत्रीही वंशपरंपरेत राहिले.

आपल्या परिसरातील कातकरी समाजाचे तर नावच एका कामाचे आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारा तो कातकरी. पुढे जंगले राखीव झाली, कातभट्ट्या विझल्या, धंदा गेला; नाव मात्र राहिले. हातातला परंपरागत धंदा गेल्यावर त्या जागी दुसरे स्वप्न ठेवण्याची सोय कोणी केली नाही. मिळेल ती मजुरी एवढेच काम उरले.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात या रोगाचे निदान केले. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे, असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की ती श्रमिकांचीच विभागणी आहे. तीत माणसाचे काम त्याच्या अंगच्या गुणांवरून ठरत नाही, त्याच्या आईबापांच्या सामाजिक दर्जावरून ठरते, आणि तेही तो जन्मण्यापूर्वीच. तत्पूर्वी १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे दुरुस्ती विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडले. म्हणजे आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या काही मुलांचे पणजोबा कायद्याने वतनदार होते. ही फार जुनी गोष्ट नव्हे. त्या माऊलीची शांतता किती जवळच्या काळातून येते, हे यावरून ध्यानात यावे.

ज्यांनी प्रथम कल्पना केली

या भिंतीला पहिली भगदाडे पडली ती लष्करात. कोकणातील महार सैनिकांच्या मुलांना छावणीतील शाळांत अक्षरओळख मिळाली. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः अशाच एका शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतरच्या तुटपुंज्या उत्पन्नात ते परळच्या चाळीत राहत. भीमरावाला पुस्तक हवे असले की ते विवाहित मुलींकडे जात, उसने पैसे घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत, असे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले. वडिलांनी हे पाहिले नाही. आपला मुलगा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकेल, असे काही त्यांच्या डोळ्यांपुढे असेल असे आम्हांला वाटत नाही. मुलाने आपल्या पुढे जावे आणि त्यासाठी पुस्तक घरात आलेच पाहिजे, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

त्या वर्षी न्यूयॉर्कहून बाबासाहेबांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, अशी आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. ही समजूत टाकून द्या, असे त्यांनी त्या पत्रात कळवले. आईबाप मुलांच्या भवितव्याला वळण देऊ शकतात. आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. बावीस वर्षांचा, नुकताच पोरका झालेला एक विद्यार्थी हे लिहीत होता.

हाच विचार त्यांनी पुढे आपल्याच जिल्ह्याच्या भूमीवर मांडला. रायगडचे नाव तेव्हा कुलाबा होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या परिषदेतील अध्यक्षीय भाषणाकडे तेवढे लक्ष जात नाही. आपल्यापेक्षा आपली मुले अधिक चांगल्या स्थितीत असावीत, अशी इच्छा जे आईबाप धरत नाहीत, त्यांच्यात आणि पशूंत फरक उरत नाही, असे बाबासाहेबांनी तेथे कठोरपणे बजावले. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी आयांना हेच सांगितले : मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका. मुलाच्या उद्याची कल्पना करणे हे आपल्या चळवळीत कधीच फावल्या वेळचे मनोराज्य नव्हते. पाणी आणि मंदिर यांच्याइतकाच तो हक्काचा प्रश्न होता.

महाडचा सत्याग्रह संघटित करणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगावचे. शिष्यवृत्ती मिळवूनही अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा त्या शाळकरी मुलाने वर्तमानपत्राकडे तक्रारीचे पत्र पाठवले होते. आणि आपल्या डोक्यावरच्या माथेरानचे उदाहरण तर घरचेच आहे. तेथील एका नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोटवाल जन्मले. गावगाड्याच्या हिशेबाने त्यांच्या हाती वस्तरा यावयाचा. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकरी आणि आदिवासींसाठी त्यांनी काम केले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ब्रिटिश पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाले. भाई कोटवालांचे नाव तालुक्यात सर्वत्र घेतले जाते. त्यांना वकील होऊ देणारे घरही आपण स्मरणात ठेवावे.

इच्छेचे वतन

येथवरचे सांगणे आपल्या वाचकांस नवे नसेल. पुढचे सांगणे थोडे अवघड आहे, कारण ते आमच्यावरही उलटते.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत एक मुलगा होता. वसतिगृहाचा पंप बंद पडला की वायरमन येईपर्यंत तो दुरुस्त करून मोकळा झालेला असे. दहावीला त्याला बरे गुण मिळाले. वडिलांच्या मनात होते की घरात डॉक्टर व्हावा. आम्हीही शाळेच्या नावासाठी त्या इच्छेला दुजोरा दिला आणि त्याला विज्ञान शाखेत घातले. त्याला काय वाटते हे कोणी विचारले नाही. बारावीला तो नापास झाला आणि शरमेने शाळेकडे फिरकेनासा झाला. बऱ्याच वर्षांनी नेरळच्या बाजारात त्याने आम्हांला हाक मारली. आता तो पंपाच्या मोटारी भरून देण्याचे लहानसे दुकान चालवतो. त्याने चहा पाजला आणि सहज म्हणाला, ‘सर, तेव्हाच आयटीआयला घातलं असतंत, तर मधली सात वर्षं नाक्यावर गेली नसती.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्हांला मात्र चहा गोड लागला नाही. जन्मावरून काम ठरवणे अन्याय्य म्हणून आपण लढलो. आणि त्याच मुलावर बापाची आणि गुरुजींची इच्छा आपण वतनासारखी लादली.

ही चूक फार पुरातन आहे. विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहातील उपाली नावाच्या मुलाची कथा येते. (विनयधर म्हणून प्रसिद्ध झालेले उपाली थेर ते वेगळे.) त्याचे आईबाप विचार करीत असतात : आमच्या पश्चात हा सुखाने कसा जगेल? लेखनकला शिकवावी, तर याची बोटे दुखतील. गणित शिकवावे, तर छाती भरून येईल. नाणी पारखण्याची विद्या शिकवावी, तर डोळे शिणतील. श्रमणांना बरे अन्न आणि निवारा मिळतो. तेव्हा हा भिक्खू झालेलाच बरा. हे बोलणे मुलाच्या कानी पडते आणि तो आपल्या मित्रांना घेऊन येतो. अशी सतरा मुले संघात दाखल होतात. पहाटे उठून ती रडू लागतात : पेज द्या, भात द्या. भगवंतांना हे समजते, आणि वीस वर्षांखालील कोणासही उपसंपदा देऊ नये असा नियम ते घालून देतात.

या कथेतील आईबाप वाईट नाहीत; मुलाच्या काळजीनेच ते बोलत आहेत. परंतु त्यांची सगळी गणना भीतीतून चालली आहे, आणि मुलाला कशाची आवड आहे हा प्रश्न तीत कोठेच येत नाही. भगवंतांचा निर्णयही पाहण्यासारखा आहे. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. आयुष्यभराचा निर्णय घेण्यापूर्वी वय वाढू द्यावे, सोसण्याची आणि समजण्याची शक्ती येऊ द्यावी, असे त्यांनी ठरवले. आठवीतल्या मुलाचे आयुष्य ठरवून टाकणाऱ्या आम्हां सर्वांना हा नियम लागू आहे.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल की वडिलांची इच्छा नेहमीच चुकते असे नाही. खरे आहे. आपल्या समाजातून देशाच्या सरन्यायाधीशपदी पोहोचलेले न्या. भूषण गवई यांनी जून २०२५ मध्ये नागपूरच्या सत्कारात भरल्या कंठाने सांगितले की त्यांना वास्तुविशारद व्हायचे होते. वडील रा. सू. गवई यांना मात्र मुलाने वकील व्हावे असे वाटे. त्यांना स्वतःला वकील व्हायचे होते आणि चळवळीतील अटकेमुळे ते राहून गेले होते. मुलाने वडिलांची इच्छा मानली. १४ मे २०२५ रोजी तो मुलगा सरन्यायाधीश झाला. वडील २०१५ सालीच गेले होते. ६ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांच्या पीठाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा आपल्या डोंगरावर तोवर चालू होती, आणि ती थांबवण्याचा हुकूम अमरावतीच्या एका आंबेडकरी घरातील मुलाने काढला.

मग बापाची इच्छा श्रेष्ठ ठरली काय? आम्हांला वाटते, त्या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. वडिलांच्या इच्छेमागे एक जीवनध्येय होते, केवळ प्रतिष्ठा नव्हती, आणि मुलाला ते ध्येय आपलेसे करता आले. दुसरी गोष्ट अशी की देशातील सर्वोच्च न्यायासनावर बसूनही राहून गेलेल्या वास्तुकलेची आठवण त्यांच्या मनात जिवंत होती. सोडलेल्या वाटेचीही एक किंमत असते. जो मुलगा सरन्यायाधीश होत नाही, नाक्यावर बसतो, त्याला ती एकट्यालाच फेडावी लागते.

या संदर्भात डॉ. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील दामू आम्हांला आठवतात. ओझरहून मुंबईत आलेला, फारसे न शिकलेला हा बाप मुलांना सांगे की काय व्हायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. पण जे कराल त्यात अव्वल व्हा. कोणत्या दिशेने जायचे ते मुलाने ठरवायचे आणि किती उंच जायचे याचा आग्रह बापाने धरायचा, अशी ही वाटणी आहे. ती करायला बापाला पदवी लागली नाही.

तालुक्याकडे पुन्हा पाहू

आता प्रत्यक्ष प्रश्न असा की पालकांनी कल्पना करावी ती कशाच्या आधारे? जे कधी पाहिले नाही त्याची कल्पना करता येत नाही. म्हणूनच पोलीस आणि शिक्षक ही दोन उत्तरे पुनःपुन्हा येतात; वाडीपर्यंत पोहोचणारे पगारदार बहुधा तेच. तेव्हा प्रारंभ आपल्या डोळ्यांपुढच्या गोष्टींपासून करावा.

बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाट चढण्यासाठी गाड्यांना कर्जतला जादा इंजिने जोडली जातात, हे आपण लहानपणापासून पाहतो. या रुळांवर आपल्या कित्येक माणसांनी घण मारले. ट्रॅकमनच्या भरतीला दहावी पुरते. त्याच दहावीनंतर योग्य ट्रेडचे आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका केलेला मुलगा वा मुलगी सहायक लोको पायलटच्या परीक्षेला बसू शकते. रुळाशेजारी उभे राहणे आणि इंजिनात बसणे यांमध्ये अनेकदा दोनतीन वर्षांचे शिक्षण आणि ती माहिती वेळेवर मिळणे, एवढेच अंतर असते.

खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्यांच्या तारांखालून शाळेत येणाऱ्या मुलाने कधीतरी विचारावे की हे चालवतो कोण? वायरमन, ऑपरेटर, पदविकाधारक पर्यवेक्षक, विद्युत अभियंता अशी ती शिडी आहे. आणि दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका पूर्ण केली, तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. बारावी विज्ञान हीच एक वाट नव्हे.

कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत’ हे नाव धारण करणाऱ्या भाताच्या जाती तेथे निघाल्या आणि त्या कोकणभर पेरल्या जातात. आमच्या ठाकूर आणि बौद्ध घरांतील मुले चिखलात पाय रोवून लावणी करतात. कोणत्या खाचरात कोणते बी धरते, हे त्यांना पुस्तकाआधी कळते. त्यांच्यापैकी एखादीने बियाण्याची शास्त्रज्ञ व्हावे, यात अशक्य ते काय?

१९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या ठाकूरवाडीतील माणसे आपलीच होती. डोंगर केव्हा सुटतो, वाडी कोठे वसवावी आणि कोठे वसवू नये, हे सांगणारे शास्त्र म्हणजे भूगर्भशास्त्र. डोंगरात वाढलेल्या मुलाने ते शिकले, तर त्याचे ज्ञान प्रथम त्याच्याच वाडीच्या कामी येईल.

आणि जमिनीचे काय? गेल्या काही दशकांत तालुक्यातील माळ आणि वरकस जमिनी फार्महाऊसच्या कुंपणांत गेल्या. सातबारा वाचता न आल्याने काय होते, हे कित्येक घरांनी अनुभवले आहे. ज्या जमिनीवर बाप कसत होता, तिच्याच फाटकावर तो आज राखणदार आहे. त्याचा मुलगाही राखणदारच झाला, तर नव्या वतनाची ती सुरुवात होईल. भूकरमापक, तलाठी, वकील, फळबागतज्ज्ञ ही सगळी कामे त्या कुंपणाच्या गोष्टीशी जोडलेली आहेत. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या मुलाला आम्ही रागावतो. परंतु कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत राजवाडे उभे करणाऱ्या कारागिरांना आणि कलादिग्दर्शकांना चित्रकलाच लागते, आणि मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय आपल्यापासून लोकलच्या एका प्रवासावर आहे.

मुलींविषयी स्वतंत्र परिच्छेद लिहावा लागतो, हीच खेदाची गोष्ट आहे. वरील प्रत्येक वाक्य मुलींनाही लागू आहे. बाबासाहेबांनी १९१३ साली जे पत्रात लिहिले, त्याचा अर्थ मुलीला नर्सिंगपुरती परवानगी असा होत नाही. परिचारिकेचे काम थोर आहे आणि आमच्या अनेक मुली ते उत्तम करतात. तथापि डॉक्टर मुलगा आणि नर्स मुलगी अशी वाटणी घरातच झाली, तर ती जन्मावरूनच केलेली वाटणी होय.

कल्पनेला पावलांची जोड

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : वाइटापासून आवरणे, चांगल्यास लावणे, शिल्प म्हणजे विद्याकौशल्य शिकवणे, योग्य विवाह करून देणे आणि वेळेवर वारसा सोपवणे. यांत शिल्प विवाहाच्या आधी येते, हे सातवी-आठवीतल्या मुलीचे लग्न ठरवू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. कोणते शिल्प, ते सुत्त सांगत नाही. ते शोधणे पालकांवर सोपवलेले आहे. मर्यादा एवढीच की आजीविका सम्यक असावी. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे धम्म सांगतो. यापलीकडे कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही.

तेव्हा पालकांनी चार गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली, मुलाकडे पाहावे. सुटीत तो घरी येतो तेव्हा कोणी न सांगता काय करतो? मोडलेले उघडून बघतो, की लहानांना शिकवतो, की हिशेब चोख ठेवतो, की एकटाच झाडाखाली वाचत बसतो? गुणपत्रिकेत न दिसणारे पुष्कळ काही यात दिसते.

दुसरी, मुलाला विचारावे आणि उत्तर दरवर्षी बदलले तरी हसू नये. पाचवीत ड्रायव्हर, सातवीत क्रिकेटपटू आणि नववीत कलेक्टर होऊ पाहणारा मुलगा चंचल नसतो. त्याच्या माहितीचे वर्तुळ वाढत असते.

तिसरी, कागद वेळेवर करावेत. बारावीच्या निकालानंतर जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र यांसाठी धावाधाव करताना प्रवेश हुकल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या दिनांकांना मोठे महत्त्व आहे. त्यापूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावनमुन्याचा उतारा किंवा जन्ममृत्यूची नोंद असेल, तर आजच शोधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावी. ज्या घरांत शाळेचा दाखलाच नव्हता, अशा कातकरी घरांनी तर हे काम मूल आठवीत असतानाच आमच्याकडे आणावे. आपण मिळून करू.

चौथी, पैशांच्या भीतीने आधीच नाही म्हणू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ साली सुरू झाली आणि आजही चालू आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. या योजना मिळवण्यात खेपा पडतात, हे खरे. परंतु रामजींनी मुलींचे दागिने गहाण ठेवून जे केले, त्यासाठी आज अर्ज भरण्याची वाट उपलब्ध आहे.

ज्या पालकांना हे सारे फार दूरचे वाटते, त्यांना डॉ. राजेंद्र भारूड यांची आई आठवावी. धुळे जिल्ह्यातील सामोड्याची ही भिल्ल माऊली मोहाची दारू विकून घर चालवी. मुलगा पोटात असतानाच त्याचे वडील गेले होते. तिने त्याला नवोदय विद्यालयात जाऊ दिले. तो डॉक्टर झाला, मग भारतीय प्रशासकीय सेवेत गेला आणि नंदुरबारचा जिल्हाधिकारी झाला. या पदांची नावे तिला आधी ठाऊक असण्याची गरज पडली नाही. तिने मुलाला निवासी शाळेत सोडले आणि मागे ओढले नाही.

माजी विद्यार्थ्यांस

शेवटची विनंती आपल्या माजी विद्यार्थ्यांना आहे. या स्मरणिकेसाठी तुम्ही देणग्या दिल्या, त्याबद्दल शाळा तुमची ऋणी आहे. आता एक दिवस द्या. तुमच्यापैकी कोणी कारखान्यात फिटर आहे, कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी न्यायालयात, कोणी स्वतःच्या टेम्पोवर. वर्षातील एका शनिवारी कडावला या. भाषण नको. तुमच्या कामाची हत्यारे आणा. ती मुलांच्या हाती द्या. पहिला पगार किती होता, कोठे नापास झालात, कोणी मदत केली, हे सांगा. आमच्या नकाशावरून मुलांना जे कळत नाही, ते याच वसतिगृहाच्या याच खोलीत झोपलेल्या माणसाकडे पाहून क्षणात कळते. नेरळच्या त्या मोटारवाल्याला आम्ही निमंत्रण दिले आहे, आणि तो येतो म्हणाला आहे. नापास झाल्याची गोष्टही सांगेन, असे तो आपणहून म्हणाला.

येत्या जूनमध्ये पुन्हा तोच व्हरांडा भरेल आणि आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारू. परंतु आता आधी मुलाला विचारू आणि नंतर पालकांना. दोन्ही उत्तरे अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूस पेन्सिलने लिहून ठेवू. पेन्सिलने अशासाठी, की दरवर्षी ती खोडून नवी लिहिता यावीत.